इगतपुरीचं शिबिर सात आठवड्यांवर आलंय आणि मांडी घालून पंधरा मिनिटंही बसवत नाही

डोंबिवली_लोकल

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इगतपुरीला धम्मगिरी केंद्रात १० दिवसांच्या विपश्यना ध्यानाच्या शिबिराला जागा मिळालीये. दोन वर्षं मनात होतं, रजा जुळत नव्हती, आता सगळं जुळलंय आणि मी मनापासून जाणार आहे. अडचण एकच, बसायची.

वय ४६, अकाउंट्सचं काम, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्चीत, वर जाऊन येऊन लोकल. लहानपणी साताऱ्याकडे आमच्या घरी पाटावर बसूनच जेवायचो, शाळेत सतरंजीवर बसायचो, तेव्हा मांडी घालणं ही काही वेगळी करायची गोष्टच नव्हती. मग डायनिंग टेबल आलं, कमोड आला, आणि वीस एक वर्षांत जमिनीवर बसणं सुटलं ते फक्त लग्नाच्या पंगतीपुरतं उरलं, आता तर तिथेही बुफेच असतो.

गेले दहा दिवस रोज पहाटे घरी श्वास बघत बसायचा प्रयत्न करतोय. होतं असं की पाच मिनिटं ठीक, मग कंबर मागे ढासळते आणि पोक येतो, सरळ केली की दोन मिनिटांत परत तेच. दहाव्या मिनिटाला उजव्या पायाला मुंग्या, पंधराव्याला पाय पूर्ण बधिर. आणि उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक बारीक कळ येते ती उठल्यावरही थोडा वेळ राहते. गुडघे जमिनीपासून वीतभर वर असतात, जमिनीला टेकतच नाहीत. एका व्हिडिओत बघून तळपाय जुळवून फुलपाखरासारखं बसून हाताने गुडघे खाली दाबत होतो, त्याने कळ वाढलीये असं वाटतं.

मला पद्मासन वगैरे काही नकोय. फक्त एक तास शांत बसता यावं, लक्ष सगळं गुडघ्यातच जाऊ नये एवढंच. घरी रोज अर्धा तास देऊ शकतो. हलके काही व्यायाम, आसनं, हालचाली, जे करून ज्यांना खरंच फरक पडलाय त्यांनी सांगा प्लीज. आणि तिथे गेल्यावर मधल्या वेळात व्यायाम करता येतो का?

गोधडीवाली

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. नाही. शिबिरात योगासनं, व्यायाम, पळणं हे सगळं थांबवायला सांगतात. योगाला विरोध आहे म्हणून नाही हं, नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की विपश्यनेशी त्याचं काही वाकडं नाही, पण तिथे सगळ्यांना वेगळी आडोशाची जागा देणं शक्य नसतं. विश्रांतीच्या वेळात ठरलेल्या आवारात चालता येतं, तेवढंच. म्हणून जे काही मोकळं करायचंय ते घरून करून जायचं. सात आठवडे हातात आहेत, भरपूर आहेत.

मी ६३ वर्षांची, नाशिकची, तीन शिबिरं झालीत. तुम्हाला दिवस कसा असतो ते सांगते म्हणजे भीती थोडी कमी होईल. पहाटे ४ ला घंटा, ४.३० ते ६.३० पहिली बैठक, मग नाश्ता. ८ ते ९, २.३० ते ३.३० आणि संध्याकाळी ६ ते ७ या तीन सामूहिक बैठका, त्या हॉलमध्येच. बाकीच्या वेळी आचार्य सांगतील तसं हॉलमध्ये किंवा आपल्या खोलीत. सगळे मिळून दहा एक तास भरतात, पण सलग नाही, मध्ये पाच मिनिटं, दहा मिनिटं पाय मोकळे करायला मिळतात. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नुसता श्वास बघायचा, तेव्हा बसण्याची पद्धत बदलली तरी चालते. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात आणि त्यानंतर त्या तीन सामूहिक बैठकांना अधिष्ठान असतं, म्हणजे तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचा निश्चय करायचा. निश्चय हं, शिक्षा नाही. नाहीच सहन झालं तर हलता येतं, पुन्हा बसायचं.

आता बैठक. तुमचे गुडघे वीतभर वर राहतात म्हणजे तुम्ही फार खाली बसताय. गोधडीची घडी घ्या, चांगली कडक, दाबल्यावर चार-पाच बोटं उरेल एवढी जाड. मऊ उशी नको, ती दहा मिनिटांत चपटी होते. त्या घडीच्या पुढच्या काठावर बसा, पूर्ण आत नाही. कंबर आपोआप सरळ होते, ओढून धरावी लागत नाही. तिथे हॉलमध्ये उशा मिळतात, पण मी माझी गोधडी नेते, शरीराला तिची उंची माहीत झालेली असते.

आणि कपडे. जीन्स किंवा घट्ट ट्रॅकपँट नको, गुडघ्यामागे कापड गोळा होतं आणि तिथेच दाब येतो. ढगळ पायजमा. डिसेंबरात इगतपुरीला पहाटे चांगलीच थंडी असते, गारठ्यात सांधे आखडतात, गुडघ्यावर पसरायला शाल न्याच.

अर्ज भरताना तब्येतीचं विचारतात तिथे गुडघ्याचं लिहिलं होतं का? नसेल तर कळवून ठेवा.

खुबा_आणि_गुडघा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूरला. ताईंनी उंचीचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, आणि तुमची अर्धी तक्रार त्यानेच जाईल. उरलेलं मी सांगतो, थोडं लांबेल.

मांडी घालतो तेव्हा पाय बाहेर वळतो. हे वळणं खुब्याच्या सांध्यात व्हायला हवं, तो गोल खोबणीतला सांधा आहे, सगळीकडे फिरतो. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा, उघड-मीट, फिरणं अगदी थोडं. आता खुबा आखडलेला असेल आणि तरी आपण पाय ओढून मांडी घातली, तर जे वळण खुब्याने द्यायचं ते गुडघ्याकडून वसूल होतं, आणि आतल्या बाजूला कळ येते. तुमची कळ तीच असावी असं वर्णनावरून वाटतंय. म्हणून गुडघे खाली दाबणं आजपासून बंद. एकदम बंद.

बघा, खुर्चीत बसा, उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवा. उजवा गुडघा किती वर राहतो? नडगी साधारण आडवी झाली तर खुबा बरा आहे. गुडघा छातीकडे तोंड करून उभाच राहिला तर काम खुब्यावर करायचंय. (काहींच्या खुब्याच्या हाडाची ठेवणच अशी असते की गुडघा एका मर्यादेखाली जातच नाही, कितीही वर्षं केलं तरी. त्यात कमीपणा काही नाही, त्यांनी उंच बसायचं.)

रोज काय करायचं. अंघोळीनंतर करा, अंग गरम असतं. पाय पसरून बसा, पाठ भिंतीला टेकली तरी चालेल, चवडे पुढे-मागे दहा वेळा, घोटे गोल फिरवा दोन्ही बाजूंनी. मग गुडघ्याची वाटी मांडीकडे खेचल्यासारखी आवळा, पाच मोजा, सोडा, दहा वेळा. दिसायला काहीच नाही पण गुडघा सांभाळणारा मांडीचा स्नायू यानेच जागा होतो, हे कधीही चुकवू नका.

मग गुडघे वाकवून, पावलं चटईएवढ्या अंतरावर, हात मागे टेकून बसा आणि दोन्ही गुडघे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आडवे पडू द्या, गाडीच्या वायपरसारखे. हळू. जिथपर्यंत सहज जातात तिथपर्यंतच. वीस वेळा. खुब्याला आत-बाहेर दोन्ही फिरवणारी यापेक्षा सोपी हालचाल मला माहीत नाही आणि पेशंटना मी पहिली हीच देतो.

त्यानंतर पाठीवर झोपा. एक गुडघा हातात धरून हवेत छोटी वर्तुळं काढा, मांडीचं हाड खोबणीत फिरतंय असं लक्ष तिथे ठेवा. मग उजवा घोटा डाव्या मांडीवर आडवा, आणि डावी मांडी दोन्ही हातांनी छातीकडे आणा. उजव्या कुल्ल्यात आत खोल ताण जाणवेल, तोच पाहिजे. तीस सेकंद, श्वास चालू, दोन वेळा, मग दुसरी बाजू. गुडघ्यात ताण आला तर चवडा आपल्याकडे ओढून धरा किंवा पाय थोडा लांब ठेवा, तरीही आला तर सोडून द्या.

खुर्चीत नऊ तास बसणाऱ्यांचा जांघेतला पुढचा स्नायू आखडतो. त्यासाठी एक गुडघा घडीवर टेकवा, दुसरा पाय पुढे, आणि कंबर न वाकवता अख्खं अंग थोडं पुढे न्या. मागच्या पायाच्या जांघेत ओढ आली की थांबा, तीस सेकंद. शेवटी गुडघे आणि हात टेकून मांजरीसारखी पाठ वर, मग खाली, श्वासाबरोबर दहा वेळा.

आणि ते फुलपाखरू करायचंच असेल तर उलटं करा. उंच घडीवर बसा, तळपाय जुळवा, टाचा अंगापासून लांबच राहू द्या. हात गुडघ्यांवर ठेवा आणि गुडघ्यांनी हात वर ढकला, हातांनी अडवा, पाच सेकंद, फार जोर नको. मग सगळं सोडून द्या आणि श्वास सोडताना गुडघे आपोआप किती खाली येतात ते फक्त बघा. चार-पाच वेळा. दाबून जे होत नाही ते असं होतं, कारण आवळलेला स्नायू सोडल्यावर जास्त ढिला पडतो.

हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. पहिला आठवडा निम्मंच करा. उठल्यावर कळ राहते म्हणालात, ती दोन आठवड्यांत कमी झाली नाही किंवा गुडघा सुजला, अडकला, तर इथे विचारू नका, प्रत्यक्ष दाखवा.

डोंबिवली_लोकल

ताई, डॉक्टर, दोघांचे खूप आभार. खुर्चीवाली टेस्ट केली, डावा बराच आडवा होतो आणि उजवा अक्षरशः उभा. म्हणजे उजवीकडेच सगळा घोळ आहे. अर्जात गुडघ्याचं लिहिलं नव्हतं, उद्याच मेल करतो. बधिरतेचं काय करू? ती कळीपेक्षा जास्त घाबरवते.

खुबा_आणि_गुडघा

बधिर होतो म्हणजे नस दाबली जाते. एक तर घडीचा काठ मांडीखाली रुततोय, म्हणजे तुम्ही फार मागे बसताय, पुढे सरका. नाहीतर वरच्या पायाचं वजन खालच्या पायावर आहे. एकावर एक पाय ठेवूच नका. एक टाच जवळ, दुसरा पाय त्याच्या पुढे, दोन्ही नडग्या जमिनीवर. बर्मी पद्धत म्हणतात काही लोक. कुठला पाय पुढे ते रोज बदला. जो गुडघा अधांतरी राहतो त्याच्याखाली नॅपकिनची घडी सरकवा, आधार मिळाला की मांडी ताठ धरून ठेवावी लागत नाही.

आणि बधिर पायावर कधीही झटकन उभं राहू नका, माणसं पडतात. आधी पाय हाताने सरळ करा, घोटा हलवा, पोटरी चोळा, पायात जीव आला की मग उठा.

शांत_पाणी

वेगळं मत मांडतो, राग नसावा. विपश्यनेत दुखण्याकडेच तर बघायला शिकवतात. दुखतंय ही पण संवेदना, येते आणि जाते. आधीच सगळं मोकळं करून, गाद्या रचून गेलात तर बघणार काय? मी काहीही तयारी न करता गेलो होतो, सातव्या दिवशी दुखणं आपोआप विरघळलं.

गोधडीवाली

तुमचा अनुभव खरा आहे, माझंही पहिल्या शिबिरात तसं झालंय, पाठीत अख्खा दगड ठेवल्यासारखं होतं आणि सहाव्या दिवशी बघता बघता तो विरला. ते मी कधी विसरणार नाही. पण दादा, दोन दुखण्यांत फरक आहे. एक दुखणं बसल्याचं, ठणका, जळजळ, दाब, मुंग्या, उठून चार पावलं टाकली की गेलं. ते बघायचं. दुसरं सांध्यातलं, एका जागी सुईसारखं, उठल्यावर तासभर राहतं, जिना उतरताना परत येतं. ते शरीर सांगतंय की थांब. ते बघत बसलं तर मनाची समता वाढत नाही, इजा वाढते. ही विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी प्रवचनात सांगायचे की शरीराला छळायचं नाहीये.

आणि कितीही घड्या रचा, बघायला पुरेल एवढं दुखणं शिल्लक राहतंच. त्याची काळजी नको.

आता_खुर्चीत

या धाग्यावर लिहायला हवं असं वाटलं म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं.

मी ३८ चा असताना एका ध्यान शिबिराला जायचं म्हणून महिनाभरात अर्धपद्मासन बसवायचंच असं ठरवलं होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, मीच. रोज पाय वर उचलून ठेवायचो आणि गुडघ्यावर हाताने जोर द्यायचो. एके दिवशी आतून टक् आवाज आला. त्या क्षणी फार दुखलंही नाही, म्हणून तसाच बसून राहिलो वीस मिनिटं. रात्री गुडघा नारळाएवढा. एमआरआयमध्ये आतली गादी फाटलेली निघाली. ऑपरेशन टळलं पण तीन महिने जिना एक एक पायरी करून उतरलो, मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि तिला उचलून घेता येत नव्हतं, ते सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर दोन विपश्यना शिबिरं केली, दोन्ही खुर्चीवर. आधी सांगितलं, खुर्ची मिळाली, मी गेलो तिथे मागे भिंतीकडेला ठेवल्या होत्या. पहिले दोन दिवस पुढच्या सगळ्या ताठ पाठी बघून जीव खालीवर झाला, मग डोळे मिटले की कोण कशावर बसलंय काही राहत नाही.

खुर्चीत बसणंही शिकावं लागतं हे मात्र सांगतो. मागे टेकून बसलं की वीस मिनिटांत डुलकी लागते आणि कंबरही धरते. पुढच्या अर्ध्या भागात बसायचं, मागच्या बाजूने बुडाखाली टॉवेलची घडी म्हणजे खुबा गुडघ्यापेक्षा किंचित वर येतो, पावलं पूर्ण टेकलेली. उंची कमी असेल तर पावलांखाली चादर. हे घरी करून बघा. शिबिरात गुडघा बिनसलाच तर परत फिरायची वेळ येणार नाही, खुर्ची आहे हे डोक्यात असलं की मांडीत बसतानाही माणूस निवांत असतो.

पहाटेची_चटई

तिघांचं वाचून बरं वाटलं, कारण आमच्या योगवर्गात रोज हेच सांगून घसा बसतो.

डॉक्टरांनी सांगितलेल्यातल्या बऱ्याच हालचाली पवनमुक्तासनाच्या पहिल्या भागात आहेत, बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंदांनी ती मालिका पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत अशी क्रमाने लावून दिली. लोक तिला म्हाताऱ्यांचा व्यायाम म्हणून सोडून देतात आणि थेट सूर्यनमस्कारावर उडी मारतात. पण ध्यानाच्या बैठकीसाठी नेमकं हेच लागतं. त्यातलं अर्ध तितली बघा, एक पाय लांब, दुसऱ्याचं पाऊल मांडीवर (जात नसेल तर मांडीच्या शेजारी), गुडघ्याखाली हात घालून श्वास घेताना गुडघा छातीकडे वर, सोडताना खाली. पायाने स्वतः काही करायचं नाही, सगळं हाताने, पाय झोपलेल्या बाळासारखा. पाय ढिला सोडणं हेच शिकायचं असतं आणि तेच सगळ्यात अवघड जातं.

आधार घेण्याची लाज बाळगू नका. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी घोंगड्या, पट्टे, लोड, लाकडी ठोकळे हे सगळं आसनांत आणलं ते आळशी लोकांसाठी नाही आणलं. आणि त्याच्याही आधी गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन सांगितलंय ते कुश, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र, फार उंच नाही फार खाली नाही. म्हणजे घड्या घालून बैठक जाड करणं तेव्हापासून आहे. पतंजलींनी तर आसनाबद्दल सांगितलंच थोडं, स्थिर आणि सुखाचं असावं, आणि पुढच्याच सूत्रात ते कसं होतं तर प्रयत्न शिथिल केल्याने. मला हे सूत्र वर्गात शिकवताना दरवेळी नवीन वाटतं. आपण सुख जोर लावून आणायला जातो.

माझ्याकडून दोनच भर. संध्याकाळी घरी आल्यावर दहा मिनिटं सुप्त बद्धकोणासन. पाठीवर झोपायचं, तळपाय जुळवलेले, दोन्ही मांड्यांखाली उशा अशा लावा की जांघेत काहीच ओढ नको. काहीच म्हणजे काहीच. टीव्ही नको, मोबाईल नको, पडून राहा. तीन-चार आठवड्यांनी आपणहून एकेक उशी कमी होते. आणि दुसरं, व्यायामापुरतंच जमिनीवर बसू नका. रात्रीचं जेवण खाली, पाटावर घ्या. पेपर खाली बसून वाचा, भाजी निवडा, हिशोब लिहा. खाली बसणं, उठणं, मांडी बदलणं, एक गुडघा उभा करणं, दिवसात वीस वेळा होतं ते अर्ध्या तासाच्या व्यायामाने भरून निघत नाही. आमचे आजोबा पंचाहत्तरीत ज्ञानेश्वरीच्या पारायणाला सात दिवस बसायचे, त्यांनी कुठे खुब्याचे व्यायाम केले होते, त्यांचं आयुष्यच जमिनीवर गेलं होतं.

बसायच्या आधी पाच मिनिटं मान, खांदे विसरू नका. खांदे कानापर्यंत उचलून धपकन सोडा, तीनदा. पाठदुखी म्हणून जे सांगतात ते पुष्कळदा खांदे चढलेले असल्याचं असतं.

डोंबिवली_लोकल

पाच आठवडे झाले, रिपोर्ट द्यायचा म्हणून आलो.

पहिले आठ-दहा दिवस काहीच फरक वाटला नाही, उलट कुल्ले दुखायला लागले. ऑफिसात ऑडिटची धावपळ होती त्यात चार दिवस बुडाले. मग पुन्हा धरलं. सकाळी डॉक्टरांची मालिका, रात्री उशा लावून पडणं, आणि जेवण खाली. जेवण खाली सुरू केलं तेव्हा मुलांना गंमत वाटली, आता तीही माझ्याबरोबर खाली बसतात, बायकोने माळ्यावरून आईचे जुने पाट काढले. हे मला अपेक्षित नव्हतं आणि त्याचा आनंद ध्यानाइतकाच आहे.

आज पहाटे ५० मिनिटं बसलो. चार बोटं उंचीची घडी पुरेना म्हणून अजून एक चादर वाढवली तेव्हा कुठे कंबर सुटली. उजव्या गुडघ्याखाली नॅपकिन लागतोच. आतली कळ गेली, साधारण तिसऱ्या आठवड्यात, कधी गेली ते कळलंच नाही, एक दिवस लक्षात आलं की जिना उतरताना काही झालं नाही. मुंग्या येतात अजून, अर्ध्या तासानंतर, पण बधिर होत नाही. गुडघा जमिनीपासून चार बोटं वर आहे, वीतभर होता. ३५ मिनिटांनंतर पाठीत डाव्या बाजूला खांद्याच्या फळीखाली एक गाठ जागी होते, ती उठल्यावर लगेच जाते. म्हणजे ताईंच्या हिशोबाने बघायची ती हीच ना?

खुर्चीवाले दादा, तुमचं वाचून त्या रात्री मी गुडघा दाबायचा मोह कायमचा सोडला. खुर्चीत बसायचा सरावही दोन दिवसांआड करतोय. तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं.

शेवटची शंका. शेवटच्या दोन आठवड्यांत व्यायाम वाढवू का? आणि घडी इथूनच नेऊ की तिथल्या उशा पुरतील?

खुबा_आणि_गुडघा

वाढवू नका. उलट शेवटचे चार दिवस फक्त घोटे, वाटी आवळणं आणि वायपर. ताणाचे व्यायाम शेवटी जास्त केले तर स्नायू ठणकत असतानाच पहिल्या दिवशी बसाल. वेळही तासाच्या पुढे नेऊ नका, त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ दोन वेळा ४५ मिनिटं बसा, तिथे दिवसातून अनेकदा बसायचंय, शरीराला परत परत बसायची सवय हवी. आणि शिबिरात प्रत्येक सुट्टीत चाला, अंथरुणावर जाऊन आडवे होऊ नका, निदान दुपारच्या जेवणापर्यंत तरी.

गोधडीवाली

हो, तीच बघायची.

घडी न्या. चादर, गोधडी, नॅपकिन, शाल, सगळं एका पिशवीत, वर आपलं नाव लिहून, हॉलमध्ये सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. पहिल्या संध्याकाळी जागा मिळाली की घाई न करता घरच्यासारखी बैठक लावून घ्या, नंतर मौन सुरू होतं, शेजाऱ्याला चादर मागता येत नाही. आणि पहाटे ४ च्या घंटेला उठलात की आधी अंथरुणातच घोटे फिरवा.

परत आलात की लिहा, आम्ही वाट बघू.